उजेड मापणारं भोक: कवडशापासून कॅमेऱ्यापर्यंत
(सामुदायिक रेडिओवरचं भाषण)

आज मी तुम्हाला एका भोकाचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. या भोकानं माणसाला ग्रहण दाखवलं, फोटो दिला, सिनेमा दिला. तुमच्या हातातल्या मोबाईलमध्येही ते आहे. आणि त्याच्या इतिहासात बायांचे हात पुष्कळ आहेत, फक्त त्यांची नावं कमी ऐकू येतात. ती नावं आज घेऊ. शेवटी घरच्या घरी पुठ्ठ्याचं असं एक भोक कसं करायचं, लहानमोठं होणारं, तेही सांगते.

सुरुवात आपल्याच घरातून करू. पत्र्याच्या छपराला कुठंतरी खिळ्याचं भोक असतं. दुपारी त्यातून उन्हाचा एक गोल ठिपका जमिनीवर पडतो आणि हळूहळू सरकत जातो. त्याला आपण कवडसा म्हणतो. लहानपणी आपण सगळ्याच जणींनी तो मुठीत धरायचा प्रयत्न केला असेल. पण एक गोष्ट नीट पाहा. पत्र्याचं भोक तिरपं, फाटकं, तिकोनी कसंही असो, ते लहान असेल आणि पत्रा उंच असेल तर खाली कवडसा गोलच पडतो. असं का? कारण तो भोकाचा आकार नाहीच. तो सूर्याचा आकार आहे. जमिनीवर पडलेलं ते सूर्याचं चित्र आहे.

याचा पुरावा ग्रहणाच्या दिवशी मिळतो. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं. त्या वेळी झाडाखाली पडणारे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. पानांमधल्या फटी रोजच्याच होत्या; बदलला होता तो वरचा सूर्य. म्हणून ग्रहण पाहायचं तर सूर्याकडे डोळे लावू नयेत, त्यानं डोळा कायमचा जाऊ शकतो. पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडावं, सूर्याकडे पाठ करावी आणि जमिनीवरची कोर पाहावी.

उजेडाला वाट करून द्यायची आणि ती नेमकी जागी पाडायची, ही विद्या आपल्या जुन्या कारागिरांना ठाऊक होती. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत जातात. आपल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातही मे महिन्याच्या मध्याला काही दिवस सूर्यकिरणं मूर्तीवर येतात. लोक त्याला किरणोत्सव म्हणतात. दगडात वाट कुठं सोडायची आणि केवढी सोडायची, याचा हिशेब त्यामागे आहे.

आता कवडशाच्या पुढची पायरी. खोली पूर्ण अंधारी केली, दारं-खिडक्या गच्च लावल्या आणि एकाच बारीक भोकातून उजेड आत येऊ दिला, तर समोरच्या भिंतीवर बाहेरचं सगळं दृश्य उमटतं. झाड, गोठा, रस्त्यानं जाणारी बाई, सगळं. पण उलटं. झाडाचा शेंडा खाली, बुंधा वर. कारण उजेड सरळ रेषेत चालतो. शेंड्यावरून निघालेला किरण भोकातून खाली जातो, बुंध्यावरून निघालेला वर जातो. चीनमध्ये मोझी नावाच्या विचारवंताच्या परंपरेतल्या लोकांनी हे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम हे विद्वान होऊन गेले. जन्म बसऱ्याचा, पुढचं काम कैरोत. त्यांनी बारीक भोकातून ग्रहणाच्या सूर्याचं चित्र कसं पडतं याचा नीट अभ्यास केला. डोळ्यातून किरण बाहेर जातात असं तेव्हा पुष्कळजण मानत. उजेड बाहेरून डोळ्यात येतो आणि म्हणून आपल्याला दिसतं, हे त्यांनी ठासून सांगितलं.

आपला डोळाही तशीच अंधारी खोली आहे. डोळ्याच्या मधोमध जी काळी बाहुली दिसते ती काही वस्तू नाही, ते भोक आहे. तिच्याभोवतीचं रंगीत बुबुळ हे भोक लहानमोठं करतं. भर उन्हात बाहुली दोन मिलिमीटरपर्यंत आकसते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. उन्हातून एकदम घरात आलो की क्षणभर काही दिसत नाही. त्याचं एक कारण हेच, बाहुलीला उघडायला थोडा वेळ लागतो. म्हातारपणी ती पूर्वीइतकी उघडत नाही. म्हणून सासूबाईंना तांदूळ निवडायला आपल्यापेक्षा जास्त उजेड लागतो. त्या उगाच कुरकुर करत नाहीत.

या भोकाचं दुसरंही एक काम आहे. सुईत दोरा ओवताना आपण डोळे बारीक करतो. का करतो? भोक बारीक केलं की चित्र जास्त रेखीव दिसतं. उजेड कमी होतो, पण रेघ स्पष्ट होते. चष्मा सापडत नसला की लांबची एसटीची पाटी वाचायलाही आपण तेच करतो. म्हणजे भोकाची दोन कामं झाली: किती उजेड आत घ्यायचा हे ठरवणं, आणि जवळचं-लांबचं किती रेखीव दिसेल हे ठरवणं. कॅमेऱ्यातल्या भोकाची कामंही हीच दोन. फोटोग्राफर त्याला ॲपर्चर म्हणतात.

नुसत्या बारीक भोकाची अडचण अशी की चित्र फार अंधुक पडतं. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो पण चित्र फिसकटतं. यावर उपाय निघाला भिंगाचा. भिंग उजेड गोळा करतं आणि एका जागी आणतं. १५६८ मध्ये इटलीतल्या दानिएले बार्बारो यांनी लिहिलं की अंधाऱ्या खोलीच्या भोकात भिंग बसवावं, आणि भिंगाच्या कडा झाकून मधला थोडाच भाग उघडा ठेवावा, म्हणजे चित्र आणखी रेखीव होतं. भिंगही घ्या आणि पुढे भोकही ठेवा, ही युक्ती तेव्हापासूनची.

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. चित्र आता भिंतीवरून पुसलं जात नव्हतं, पत्र्यावर टिकून राहत होतं. मग भोक बदलायचं कसं हा प्रश्न आला. ऊन असेल तर लहान हवं, ढग असतील तर मोठं. १८५८ मध्ये इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या जॉन वॉटरहाऊस यांनी सोपी तोड काढली. पितळेच्या पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीला वेगळ्या मापाचं भोक पाडलं आणि भिंगाच्या नळीला एक खाच ठेवली. हवी ती पट्टी खाचेत सरकवायची. शेवयांच्या सोऱ्याला आपण जशा चकत्या बदलतो, तसंच हे.

त्याहून हुशारीची रीत म्हणजे पाकळ्यांची. फ्रान्सच्या नीएप्स यांनी ती १८२० च्या दशकातच वापरून पाहिली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सगळीकडे आली. बटव्याची नाडी ओढली की तोंड चारी बाजूंनी सारखं आवळत जातं ना, तसं ते दिसतं. आत पातळ पत्र्याच्या चंद्रकोरीसारख्या पाच-सहा किंवा जास्त पाकळ्या एकमेकींवर रचलेल्या असतात. प्रत्येक पाकळीचं एक टोक खिळीनं स्थिर कड्याला अडकवलेलं. दुसऱ्या टोकाची खिळी एका फिरत्या कड्याच्या खाचेत बसवलेली. बाहेरचं कडं फिरवलं की सगळ्या पाकळ्या एकदम आत सरकतात आणि मधलं भोक लहान होतं. उलट फिरवलं की उघडतं. या रचनेला नाव दिलं आयरिस, म्हणजे बुबुळ. डोळ्यावरूनच ते उचललं.

कॅमेऱ्याच्या कड्यावर आकडे असतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पुष्कळांना कोडं पडतं, की आकडा वाढला तर भोक लहान कसं होतं? आपल्याला हे कठीण नाही. अर्धी भाकरी मोठी की चतकोर? अर्धी. खरं तर दोन हा आकडा चारपेक्षा लहान आहे, पण दोन वाटे केले की तुकडा मोठा येतो. इथंही तसंच. भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर समजा ५० मिलिमीटर आहे. त्याचे दोन भाग केले की २५ मिलिमीटरचं भोक, आकडा २. सोळा भाग केले की जेमतेम ३ मिलिमीटरचं भोक, आकडा १६. मी सांगितलेल्या आकड्यांत प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो. आणि भोकाची रुंदी दुप्पट केली तर उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. दुप्पट रुंद पण तेवढ्याच जाडीची भाकरी थापून पाहा, पीठ चौपट लागेल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळातले जाणते फोटोग्राफर. तेव्हा काचेवर फोटो निघत. उजेड पुरेसा आत यायला कित्येक सेकंद लागत आणि तेवढा वेळ माणसानं हलायचं नसे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार देत. एखाद्या जुन्या घरी नऊवारीतल्या पणजीचा फोटो भिंतीवर असतो, चेहरा ताठ, डोळे रोखलेले. ती रागीट होती असं नाही. हलू नका म्हणून बजावलेलं असे.

पुढची गोष्ट सरस्वतीबाई फाळके यांची. दादासाहेब फाळके यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला होता. तिथं प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, त्या सरस्वतीबाई. मुंबईत एक परदेशी सिनेमा पाहून फाळक्यांना ध्यास लागला, की आपल्या देवादिकांच्या गोष्टी अशा पडद्यावर का दिसू नयेत? रात्रंदिवस त्याचाच अभ्यास. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं. औषधपाणी आणि चष्मे यांनी नजर परत आली. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले.

परत आल्यावर कॅमेरा पारखायला त्यांनी काय चित्रित केलं? कुंडीत लावलेला वाटाणा. रोज थोडंथोडं चित्र घ्यायचं, असं महिनाभराहून जास्त. मग पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटतो, वेल वर चढते. शेतात पेरणारी बाई जे दिवसेंदिवस पाहते ते एका मिनिटात. हे पाहूनच पैसे लावणारा माणूस मिळाला.

आणि आता काम पाहा. कच्ची फिल्म विलायतेहून येई, तिच्या कडांना भोकं नसत. ती भोकं नसतील तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकत नाही. आणि ती पाडायची अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. रात्री काळोखात बसून यंत्रावर ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करत. फिल्म औषधात धुऊन चित्र उमटवायचं कामही त्या शिकल्या. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने दिले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. तेव्हा विजेचे मोठे दिवे नव्हते, सगळं चित्रण उन्हात. समोर ऊन, पण तोंडावर सावली पडली तर चेहरा काळा येणार. मग पांढऱ्या चादरी उन्हात धरून तो उजेड नटाच्या तोंडावर परतवायचा. त्या चादरी धरायलाही सरस्वतीबाई उभ्या राहत. कॅमेऱ्यामागे होते त्र्यंबक तेलंग, फाळक्यांनीच तयार केलेले. उजेड मोजायचं यंत्र हाताशी नसताना, आकाशाकडे पाहून भोक किती उघडायचं हे डोळ्यानं ठरवायचं होतं. चुकलं तर सगळ्यांची मेहनत आणि गहाण पडलेले दागिने पाण्यात.

३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. गंमत अशी की त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागे बाईवाचून काही हलत नव्हतं. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. दादासाहेबांच्या नावानं आज देशातला सिनेमाचा सर्वांत मोठा पुरस्कार आहे. १९६९ सालचा पहिला मान देविकाराणी या बाईला मिळाला. सरस्वतीबाईंचं नाव मात्र आपल्या पोरींना शाळेत क्वचितच ऐकायला मिळतं.

फाळक्यांनी कॅमेरा विकत आणला. कोल्हापुरात तो घडवला गेला. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म ३ जून १८९०. पडदे रंगवायचे म्हणून लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणत. शाळा फारशी नाही, हातात मात्र कला. त्यांनी आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव पेंटर यांनी ठरवलं की कॅमेरा आपणच करायचा. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले या शिष्याला घेऊन त्यांनी १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला. त्यात काय काय जमवावं लागतं पाहा. उजेड शिरणार नाही अशी पेटी. भिंग. भोक. हातानं फिरवायची मूठ, दातेरी चाकं. फिल्म थोडी पुढे सरकून क्षणभर थांबली पाहिजे, त्या क्षणीच उजेड आत आला पाहिजे आणि सरकताना झाकला गेला पाहिजे. हे सेकंदाला कित्येक वेळा, न चुकता. मोठा कारखाना नाही, इंजिनिअरची पदवी नाही.

आणि पैसा कुणाचा? कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांचा. गाण्यातून मिळवलेला पैसा त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी दिला. १९२० मध्ये पुण्यात ‘सैरंध्री’ लागला. त्यात बायांची कामं बायांनीच केली, गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. ज्या दामल्यांनी तो कॅमेरा जुळवायला हात लावला, त्यांनीच पुढे १९३६ मध्ये फत्तेलाल यांच्यासोबत ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी तो पाहिला असेल. आपण आज बचत गटातून पाचशे-हजार जमवतो, ते पैसे एखादीच्या पिठाच्या गिरणीला जातात. तानीबाईंच्या पैशानं सिनेमा उभा राहिला. पैसा लावणाऱ्या बाईची आठवण ठेवायला हवी.

तिसरं नाव होमाई व्यारावाला. जन्म ९ डिसेंबर १९१३, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याच वर्षी. पारशी घरातल्या. मुंबईत जे. जे. कला शाळेत शिकल्या. त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. पण सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं. फोटो हिचे, नाव त्यांचं. पुढे साडी नेसून, खांद्याला जड कॅमेरा अडकवून त्या दिल्लीत फिरल्या, आणि स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी प्रसंग आज आपल्याला त्यांच्या फोटोंतून दिसतात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुढच्या वर्षी जानेवारीत त्या गेल्या.

कॅमेरा हळूहळू स्वस्त झाला. १९०० मध्ये अमेरिकेत ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा एक डॉलरला मिळू लागला. आपल्याकडे पुढे ॲग्फा क्लिक-थ्री आला. काही घरांच्या कपाटात तो अजून असेल. एका रिळात बारा फोटो. त्यावर आकड्यांऐवजी सूर्य आणि ढग अशा खुणा होत्या. सूर्याकडे केलं की भोक लहान, ढगाकडे केलं की मोठं. म्हणजे हे सगळं शास्त्र दोन चित्रांत बसवलं होतं.

आता पुठ्ठ्याचं ॲपर्चर करू. गटाच्या बैठकीत पोरींना घेऊन करा. सामान: चपलेचा रिकामा खोका, जाड लग्नपत्रिका किंवा काळा पुठ्ठा, डिंक, कात्री, पातळ पांढरा कागद, थोडं गोडंतेल आणि स्टेशनरीच्या दुकानातलं अक्षरं मोठी करायचं भिंग. भिंग सूर्याकडे कधी धरू नका आणि त्यातून सूर्याकडे पाहू नका. कागद पेटतो, डोळा जातो.

पहिलं काम अंतर मोजायचं. खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा. मागेपुढे करा. बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र भिंतीवर स्पष्ट आलं की भिंग आणि भिंत यांच्यामधलं अंतर पट्टीनं मोजा. खोक्याच्या लांबीपेक्षा ते कमी भरेल असं भिंग निवडा. खोक्याच्या एका अरुंद बाजूला तीन सेंटिमीटरचं गोल भोक पाडा आणि आतून भिंग चिकटवा. पांढऱ्या कागदाला तेल चोळून पुसून घ्या, तो अर्धपारदर्शक होईल. पुठ्ठ्याच्या चौकटीवर तो ताणून चिकटवा आणि मोजलेल्या अंतरावर खोक्यात उभा बसवा. हा पडदा. खोक्याची मागची अरुंद बाजू कापून टाका, झाकण लावा.

आता झडप. पुठ्ठ्याच्या पाच सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला मधोमध तिकोनी खाच पाडा, तोंडाशी तीन सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर खोल. दोन्ही पट्ट्यांच्या खाचा समोरासमोर आणून एक पट्टी दुसरीवर सरकवा. मधे चौकोनी भोक दिसेल. पट्ट्या बाहेर ओढल्या की चौकोन वाढतो, आत ढकलल्या की लहान होत मिटतो. पाकळ्यांची रचना करायला अवघड, ही दोन पट्ट्यांची सोपी. जुन्या साध्या कॅमेऱ्यांतही ही रीत होती. पट्ट्या इकडेतिकडे हलू नयेत म्हणून दोन पुठ्ठे घ्या, दोघांना मधे तीन सेंटिमीटरचं भोक पाडा, आणि वरच्या व खालच्या कडेला पुठ्ठ्याची चिंधी ठेवून एकमेकांना चिकटवा. मधे पट्ट्या सरकण्यापुरती खोबण राहील. ही खोबण भिंगासमोर खोक्यावर चिकटवा. पट्ट्यांवर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरला पेनानं रेघा मारा आणि दोन्ही पट्ट्या नेहमी सारख्याच ओढा, म्हणजे भोक मधोमध राहील.

खोका उन्हातल्या अंगणाकडे वळवा. स्वतः सावलीत बसा, डोक्यावरून जाड शाल घ्या आणि मागून पडदा पाहा. भोक पूर्ण उघडं असेल तर चित्र उजळ दिसेल, लांबचं झाड स्पष्ट असेल तर जवळची बकरी फिसकटलेली. मग पट्ट्या हळूहळू आत ढकला. उजेड कमी होईल, पण झाड आणि बकरी दोन्ही रेखीव होत जातील. फार बारीक केलं तर काही दिसणार नाही. किती उघडायचं आणि किती मिटायचं, हे तुमचे हात ठरवतील. तेलंगांनी आणि बाबूरावांनी रोज ठरवलं ते हेच.

शेवटी मोबाईल. त्यातही भोक आहे, पण बहुतेक मोबाईलमध्ये ते लहानमोठं होत नाही. एकाच मापाचं असतं. उजेडाचा बाकी हिशेब मोबाईल आपल्या मनानं करतो, आणि तिथंच फसतो. बाई दारात उभी, मागे लख्ख ऊन. मोबाईल ऊन पाहून उजेड कमी करतो आणि बाईचा चेहरा काळा येतो. उपाय साधे आहेत. ऊन पाठीमागे घेऊ नका, तोंडावर किंवा बाजूनं घ्या. दुपारच्या कडक उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. त्यापेक्षा झाडाच्या एकसारख्या सावलीत उभ्या राहा. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा, मोबाईल त्या चेहऱ्यासाठी उजेड ठरवील. भिंग पदरानं पुसून घ्या. संध्याकाळी हात भिंतीला टेकून स्थिर धरा. आणि चेहऱ्यावर सावली असेल तर एका बाईनं पांढरी चादर उन्हात धरावी, सरस्वतीबाईंसारखी. शंभर वर्षांपूर्वीची युक्ती आजही तितकीच चालते.

हे का सांगते? कारण फोटो आता हौसेपुरता राहिला नाही. २०२१ पासून रोजगार हमीच्या कामावर मोबाईलनं फोटो काढून हजेरी लावायला सुरुवात झाली आणि जानेवारी २०२३ पासून ती दिवसातून दोनदा, वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांवर लागू झाली. ज्या फोटोवर मजुरी ठरते, त्यात आपला चेहरा ओळखू येणं ही चैनीची गोष्ट नाही. गटाच्या बैठकीचा, घरकुलाचा, पडलेल्या पिकाचा, सगळ्याचाच फोटो मागतात. आणि हे फोटो बहुतेक वेळा कोण काढतं? गटातल्या बाया ओळीनं बसतात आणि मोबाईल एखाद्या पोराच्या हातात देतात. पोरांवर माझा राग नाही. पण मोबाईल तुमच्या घरातला, बैठक तुमची, मजुरी तुमची. मग कॅमेऱ्यामागेही तुमच्यातलीच एक असू द्या. पुढच्या बैठकीला गटातल्या दोघींनी फोटो शिकून घ्यावा. एकीनं काढायचा, दुसरीनं उजेड पाहायचा. दर महिन्याला जोडी बदला, म्हणजे वर्षभरात गटातल्या सगळ्याजणी शिकतील. आणि फोटो कुठं पाठवला तर खाली काढणारीचं नाव लिहा.

तुमच्या खोक्यातून काय दिसलं ते रेडिओवर कळवा.